सोपानचा कबुलीजबाब

“…पण महाराज, माझ्या हातात काय आहे? सांगा ना, काय आहे?”

रणधीर जगदाळेचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर विमलगिरी महाराज पळसाची पानं टाचत बसले होते. पानाला पान जोडायचं, काडी खोवायची. त्यांनी मान वर केली नाही.

रणधीर डोंगराखालच्या गावचाच. टीव्हीवरच्या गुन्हेकथांच्या मालिकेत कामं करून त्याचा चेहरा घरोघरी पोचला होता. येताना वाटेत लोकांनी गाडी अडवून त्याच्याबरोबर फोटो काढले होते. महाराज मात्र नुसतं “ये, बस” म्हणाले होते.

“नीट सांग.”

रणधीर सांगू लागला. नवा भाग एका बंगल्याच्या मालकिणीच्या खऱ्या खुनावर बेतलेला होता. तिथला राखणदार सोपान वाघचौरे त्या आरोपाखाली तुरुंगात होता; निकाल अजून लागायचा होता. मालिकेत नाव बदललं होतं, पण बंगला तसाच, गाव तेच. सोपानचं काम रणधीरकडे होतं. आणि शेवटी सोपान ढसाढसा रडत खून कबूल करतो, असं लिहिलं होतं.

“खऱ्या सोपाननं कबूल केलंय?”

“नाही… त्याची बायको आली होती शूटिंगच्या जागी. म्हणाली, ‘दादा, आमचे हे असं कधी बोललेच नाहीत ओ.’ तेव्हापासून घास उतरत नाही.”

“मग?”

“मग काय! करारावर सही करून बसलोय. उद्या तोच प्रसंग आहे. घरी बायकोला दिवस गेलेत. मी नाही केलं तर दुसरा करेल, आणि मी घरी बसेन. परिस्थितीच अशी आहे महाराज, नाही म्हणताच येत नाही. गुदमरायला होतंय…”

महाराजांनी पत्रावळ बाजूला ठेवली.

“करून दाखव.”

“काय?”

“तो प्रसंग.”

रणधीर जरा सुखावला. निदान आपली कला तरी बघतील. तो उठला, खांदे पाडले, हात जोडले.

“मीच मारलं साहेब… मीच मारलं बाईसाहेबांना! माझ्यापुढं दुसरा मार्गच नव्हता…”

डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं. दर्शनाला आलेल्या दोन बायका गाभाऱ्यातून बाहेर येऊन थबकल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

“मेल्याला फासावर द्यायला पाहिजे,” दुसरी पुटपुटली.

“छान,” महाराज म्हणाले. “आता पुन्हा कर. पण आधी तुझं नाव घे. आईबापांनी ठेवलेलं. आणि या बायांकडं बघून बोल.”

रणधीर वळला.

“मी… रणधीर…”

बायका टक लावून बघत होत्या.

“मी रणधीर आनंदराव जगदाळे…”

त्यानं मान फिरवली.

“बोल.”

“नाही! नाही बोलणार मी! उद्या या बाया गावभर सांगत सुटतील. मी कुठं काय केलंय?”

महाराजांनी पुन्हा पान उचललं.

तेवढ्यात रणधीरच्या खिशातला फोन वाजला. दिग्दर्शकाचा होता. रणधीरनं तो बराच वेळ नुसता वाजू दिला. मग कानाला लावला.

“सर, कबुलीजबाबाचा प्रसंग मी करणार नाही.”

स्वतःचा आवाज त्याला परक्याचा वाटला. पलीकडचं ओरडणं ओसरीवर सगळ्यांना ऐकू येत होतं. मग एकदम ते थांबलं.

रणधीर पायरीवर मटकन बसला.

“काढलं मला… पुन्हा कुठं उभं करणार नाहीत म्हणाले. सगळी दारं बंद झाली, महाराज…”

महाराजांनी काडी खोवली.

“मघाशी ‘नाही म्हणताच येत नाही’ म्हणत होतास, आणि म्हणालास. या दारांच्या कड्या आतून आहेत, का बाहेरून?”