सतरंजीवरचा विमा एजंट

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक अतिस्वच्छ शिष्य संशोधन करीत होता. कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा घ्यायचा आणि त्यात चुंबकत्व आणायचे, हे त्याचे व्रत. तीन वर्षे त्याने पापुद्र्यावर परका अणू बसू दिला नाही, की त्याला जरासा ताण पडू दिला नाही. पापुद्रा ढिम्म. महिनाअखेर शिष्यवृत्ती संपणार होती आणि प्रबंध कोरा होता.

"सर, आता काय करू?" त्याने विचारले.

"रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेला ये," आचार्य म्हणाले. शिष्याला रडूच आले, पण तो गेला.

गच्चीवर सतरंजी अंथरली होती. सभासद दोघादोघांनी खेटून, एकमेकांकडे तोंड करून गप्पांत रंगले होते. अध्यक्ष आचार्य गळक्या टाकीविषयी बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हते. आचार्यांनी सर्वांना उठवले, गोळा झालेली सतरंजी चारी बाजूंनी ताणायला लावली आणि लोकांना जरा लांब लांब बसवले. मग ज्याला पाहताच अख्खी सोसायटी दारे लावून घेते, त्या विमा एजंटाला त्यांनी स्वतः हाक मारून वर बोलावले.

एजंटाने मिराशींना धरले. मिराशींचे जोडीदार लोणकर एकटे पडले. बोलायला कोणी उरले नाही, तेव्हा ते आचार्यांकडे वळून म्हणाले, "टाकी गळतेय? कधीपासून?"

जिना उतरताना आचार्य म्हणाले, "अरे, तुझ्या पापुद्र्यातले इलेक्ट्रॉन असेच जोडीने बसतात. एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे, बेरीज शून्य. ताण दिला की अंतर वाढते, जोडी सैल होते. परका अणू येऊन एकाला धरतो आणि जो एकटा उरतो, त्याच्यामुळे चुंबकत्व येते. तू ज्याला घाण म्हणून पुसत होतास, त्याचीच तुला गरज होती."

शिष्याने पापुद्रा हलकेच ताणला, हायड्रोजनचा एक अणू बसवला. यंत्रावर चुंबकत्वाची खूण उमटली. हर्षाच्या भरात त्याने लगेच शेजारी दुसरा अणू बसवला, आणि खूण नाहीशी झाली. त्याने घाबरून आचार्यांना फोन लावला.

"दुसरा एजंट कोणाशेजारी बसवलास?"

"एकट्या उरलेल्याच्याच, सर."

"मग टाकीचं कोण ऐकणार?"

शिष्य खजील झाला. यंत्राच्या सूक्ष्म सुईने त्याने दुसरा अणू अलगद उचलला. खूण परत आली. तीन वर्षे पाण्यात जाता जाता वाचली.

"निघाला, सर. सुईने निघाला."

"भाग्यवान आहेस," आचार्य हळू आवाजात म्हणाले, "आमचा अजून हॉलमध्ये बसलाय."