तिवरोलीचा मालवलेला दिवा

तिवरोलीच्या सातेरी देवीच्या गाभाऱ्यात नंदादीप नाही. आलेला पाहुणा कारण हमखास विचारतो. देवळाचे म्हातारे गुरव, तात्या, त्याला आधी पायरीवर बसवतात आणि गोष्ट ऐकल्याशिवाय घंटेला हात लावू देत नाहीत.

फार पूर्वी, असे ते सांगतात, गावात पटकीची साथ शिरली. घरोघरी माणसे जाऊ लागली, तेव्हा नदीपलीकडच्या सड्यावर, उघड्या माळावर जाऊन राहायचे असे गावकीने ठरवले. पण देवीचा दिवा विझता कामा नये. मग मागे कोण राहणार? सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले आणि कुणाची तरी नजर झिलूवर गेली.

झिलू अंगाने वाढलेला, बुद्धीने लहानच राहिलेला. आईबाप गेल्यावर बहीण आवडी त्याला सांभाळत होती. गावकीत त्याला आजवर कुणी काही विचारले नव्हते. त्या दिवशी मात्र मुख्य गावकराने त्याला जवळ बोलावले आणि पाठीवरून हात फिरवला. "झिलू, देवळात रवतलंस मां?"

"होय," झिलू म्हणाला. एवढी माणसे आपल्याकडे बघताहेत म्हणून हसलाही.

आवडीला त्याचे होय ठाऊक होते. भूक लागली का विचारले तरी झिलू होय म्हणायचा, पोट भरले का विचारले तरी होयच. होय म्हटले की समोरचा खूश होतो, एवढे त्याला कळले होते. आमच्याबरोबर येणार का, असे विचारले असते तरी तो होयच म्हणाला असता. ती बोलायला उठली. पण बायकांनी गावकीत तोंड उघडायची रीत नव्हती, कडेवर तान्हे मूल होते, नवऱ्याने डोळे वटारले. ती खाली बसली.

झिलूला तेल दिले, तांदूळ दिले. आम्ही येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको, दिवा विझू देऊ नको, असे बजावले. तांदूळ संपले की कुणीतरी पोचवेल, असे प्रत्येक जण धरून चालला. साथ लांबली. आवडी नवऱ्याच्या मागे लागे, नवरा गावकराला विचारी, आणि गावकराचे उत्तर ठरलेले, कुणीतरी गेलेच असेल.

गाव परतले तेव्हा दिवा जळत होता, म्हणे. झिलू त्याच्यापाशी पडला होता, नुसता हाडांचा सापळा. आदल्याच दिवशी गेला असावा, आणि पटकीने नव्हे, भुकेने. दाराबाहेर फणस पिकून पडले होते. तिथवर तो गेला नव्हता. लोकांनी हात जोडले. देवीचा मोठा भक्त म्हणून त्याची घुमटी बांधायची, असे तिथल्या तिथे ठरूही लागले.

आवडीने पदराने दिवा मालवला.

"घुमटी कसली बांधतास? तेका उलटा इचारलात तुमी? मी पण गप रवलंय," ती म्हणाली. "आता तेच्यासारख्यांका गावकीत पयले बसवा. तेंका समजात असा सांगा. सुलटा इचारा, मगे उलटा इचारा. हय परत दिवो लागाचो नाय."

गावाने देवीपुढे शब्द दिला.

आजही तिवरोलीच्या ग्रामसभेत पुढचा बाक अशा माणसांचा असतो आणि त्यांना दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. गेल्या साली त्या बाकावर चाळिशीची शेवंता बसली होती. तिला शहरातल्या आश्रमात पाठवावे, असा ठराव तिच्या सख्ख्या भावाने मांडला होता.

"शेवंता, आश्रमात जातलंस?" सरपंचबाईंनी विचारले.

"होय."

"घराकडे रवतलंस?"

"होय."

आधी तिला आश्रम दाखवून आणा, चार दिवस तिथे राहू दे, मग पुन्हा विचारू, असे म्हणून सरपंचबाईंनी ठराव बाजूला ठेवला. भाऊ तिचे कपडे भरून घेऊनच आला होता. त्याने पिशवी उचलली आणि कुणाकडे न बघता निघाला. शेवंता हसत त्याच्यामागोमाग घरी गेली.