केरबा तेल्याची शिट्टी

निंबसर हे नदीकाठचं लहानसं गाव. गावाच्या वरच्या अंगाला, नदी जिथे वळण घेते तिथे, एका पडक्या धर्मशाळेत श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम होता. ते कुठून आले, कोणत्या पंथाचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर महाराज हसून म्हणत, "आलो आहे ना? मग झालं." येईल त्याला ते चिमूटभर अंगारा देत, कुणाच्या ओटीत नारळ घालत, कुणाला नुसतं 'जेवून जा' म्हणत. लोकही तेवढ्यावर समाधानाने घरी जात. महाराजांच्या दारातून कुणी गोंधळून परतल्याचं गावाने पाहिलं नव्हतं. अपवाद एकच, केरबा तेली.

केरबा म्हणजे गरीब गाय. बैलामागे घाण्याभोवती फिरता फिरता त्याचे केस पिकले होते. त्याची एकुलती एक लेक हौसा नदीपलीकडच्या गावात दिलेली. तिला दिवस राहिले होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायची होती. दुसऱ्या कुणा बापाला याचा आनंद झाला असता. केरबा मात्र धास्तावला होता, कारण हौसाला जन्म देतानाच तिची आई गेली होती. ही भीती बोलायची तरी कुणापाशी? म्हणून तो महाराजांकडे आला आणि पाय धरून म्हणाला, "महाराज, लेकीसाठी अंगारा द्या. ती सुखरूप घरी येऊ दे. दुसरं काय बी मागत न्हाई."

महाराजांनी अंगाऱ्याच्या वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले, पाण्यावर वाकलेल्या वाळुंजाच्या झाडाची बोटाएवढ्या जाडीची एक हिरवी फांदी त्यांनी तोडली आणि वीतभर तुकडा केरबाच्या हातात ठेवला.

"हिची शिट्टी कर," महाराज म्हणाले.

केरबाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पण महाराज पुढच्या माणसाशी बोलू लागले होते.

वाटेत तो पुष्कळ विचार करत गेला. लेकीचं बाळंतपण आणि शिट्टी, यांचा संबंध काय? भोळ्या माणसाला जे सुचावं तेच अखेर त्याला सुचलं. महाराजांच्या हातून आलेली वस्तू म्हणजे प्रसाद, आणि प्रसादाला कुणी सुरी लावतं का? त्याने ती फांदी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि रोज तिच्यापुढे उदबत्ती लावू लागला.

गावात ही गोष्ट लपते कशाला! विश्वंभरबुवांच्या कानावर गेलीच. बुवा पंचक्रोशीतले नावाजलेले कीर्तनकार. आवाज असा की देवळात गायला बसले तर वेशीवर ऐकू यावं, आणि त्याचा अभिमान आवाजापेक्षा दोन बोटं चढाच. महाराजांना ना गाता येतं ना कीर्तन करता येतं, तरी लोक तिकडे का जातात, हा सल त्यांच्या मनात होताच. केरबा देवळात दिसला की बुवा सर्वांदेखत म्हणत, "दगडाचा देव पाहिला, चांदीचा पाहिला, सरपणाचा देव आम्ही पहिल्यांदाच पाहतो आहोत." सगळे हसत. केरबाही हसे, कारण बुवांचं म्हणणं त्यालाही चूक वाटत नव्हतं.

काही दिवसांनी केरबा धर्मशाळेत गेला तेव्हा महाराजांनी विचारलं, "वाजली का?"

"देव्हाऱ्यात ठेवलीया, महाराज. रोज पूजा करतोय."

महाराज खूप हसले. म्हणाले, "अरे, लाकूड ओलं असतं तेव्हा साल अल्लद सुटते. पूजा करून करून वाळवलंस की तिला!"

केरबाने घाबरून विचारलं, दुसरी फांदी तोडू का? महाराजांनी नकारार्थी मान हलवली. हीच, म्हणाले. आता मात्र त्याला काहीच कळेना. पूजा करावी तर हसतात, आणि वाळल्या फांदीची शिट्टी होत नाही हे सांगून पुन्हा तीच करायला सांगतात!

घरी येऊन त्याने फांदी भिजत घातली. सालीला गोल चीर पाडली, सुरीच्या मुठीने हळूहळू ठोकली, पिळली. सालीची सबंध नळी सुटायला हवी होती, ती उभी चिरली. केरबाने आतल्या लाकडाला खाच पाडली, चिरलेली साल वर बसवून दोऱ्याने बांधली आणि फुंकली. फुस्स! नुसता वारा.

तरी तो रोज फुंकत राहिला. घाण्यामागे फिरताना फुंकायचा, दारात बसून फुंकायचा. बुवांना तर आयतंच कोलीत मिळालं. ते म्हणाले, "केरबा, आमच्या भजनात ये तू शिट्टी घेऊन. कुणाला त्रास तरी नाही." आणि मग आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरूच भ्रमिष्ट, तिथे चेल्याचा काय दोष?" हे मात्र केरबाला लागलं. आपल्यापायी महाराजांना बोल लागतो आहे, एवढं त्याला कळत होतं.

मार्गशीर्षात हौसाला आणायला केरबाची बहीण पलीकडे गेली. त्याच गावी बुवांचं कीर्तन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा, तिची आत्या आणि बुवा एकाच नावेत बसले. नाव निघाली तेव्हा ऊन होतं. ती मध्यावर आली आणि पाण्यावरून असं धुकं उठलं की नावाड्याला, तात्याबाला, आपल्या हातातलं वल्हं दिसेना.

निंबसरच्या खाली नदी खडकावरून कोसळते. त्या जागेला धार म्हणतात. धारेत गेलेली नाव परत आलेली कुणी पाहिलेली नाही. काठावर माणसं जमून ओरडू लागली, पण पाण्याच्या आवाजापुढे त्यांचं ओरडणं जाईना. तेवढ्यात धुक्यातून बुवांचा खडा आवाज आला. काठावरच्यांनी ओ द्यावी म्हणून ते गाऊ लागले होते. लोकांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. गाणं खाली सरकत चाललं होतं. धारेसमोरचा कडा बुवांचाच आवाज त्यांना परत देत होता, आणि काठावरून लोक साथ देताहेत असं समजून तात्याबा त्या कड्याच्या रोखाने वल्हवत होता.

केरबा धावत धर्मशाळेत गेला. शिट्टी त्याच्या मुठीतच होती. महाराज शांतपणे म्हणाले, "फुंक."

"महाराज, ती वाजत न्हाई हो!"

"आम्ही फुंक म्हणालो."

केरबा गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि फुंकू लागला. नुसता वारा. शेजारी उभ्या असलेल्यांनाही वाऱ्यापलीकडे काही ऐकू येईना. कुणी म्हणालं, लेकीपायी बिचाऱ्याचं डोकं फिरलं. कुणी दंड धरून त्याला ओढू लागलं. आपण हे काय करतो आहोत, महाराज खरंच भ्रमिष्ट असतील का, की आपणच आहोत, हे सगळं त्याच्या मनात आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ फाटले होते. बुवांचं गाणं एकाएकी थांबलं, तेव्हा नाव धारेत गेली असंच त्याला वाटलं. तरी तो फुंकतच होता.

आणि धुक्यातून नावेचं टोक बाहेर आलं. सरळ केरबाच्या रोखाने!

हौसा उतरली आणि बापाला बिलगली. तिच्या अंगावर पाण्याचा शिंतोडाही नव्हता. तात्याबा सांगत होता, धारेची गाज अगदी जवळ आली आणि त्याच वेळी शिट्टी ऐकू आली, इतकी स्पष्ट की तिला धरून डोळे मिटूनही नाव आणता आली असती. बुवांनी म्हणूनच गाणं थांबवलं होतं. ते काठावर येताच विचारू लागले, "कोण वाजवत होतं? असा सूर आम्ही जन्मात लावला नाही. कोण आहे तो?"

काठावर तर शिट्टी कुणी ऐकलीच नव्हती. सगळे केरबाकडे पाहू लागले. बुवांनी त्याच्या हातातली दोऱ्याने बांधलेली काडी घेतली आणि आपला सगळा दम लावून फुंकली. वाऱ्याखेरीज काही निघालं नाही.

बुवा तसेच ओल्या पायांनी धर्मशाळेत गेले. महाराजांपुढे बसून त्यांनी आपलं सगळं बोलणं कबूल केलं आणि पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"शिट्टी आम्ही वाजवली नाही, बुवा," महाराज म्हणाले. "ज्याने वाजवली त्याला विचारा."

केरबा दारात लेकीचा हात धरून उभा होता. बुवा त्याच्याकडे वळले. त्यांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. त्यांनी विचारलं, "केरबा, तुला स्वतःलासुद्धा ऐकू येत नव्हती. मग तू फुंकत कसा राहिलास?"

केरबा ओशाळून म्हणाला, "ऐकूच येत नव्हती, बुवा. मग थांबायचं कधी, ते मला कसं कळावं?"

विश्वंभरबुवांनी त्या तेल्याच्या पायांवर मस्तक ठेवलं. केरबा गडबडून महाराजांकडे पाहू लागला, पण महाराजांनी डोळे मिटून हात जोडले होते.