मैनेचा पहिला घास

"मी तिची साखळी कापली, माई. मग ती मलाच का घाबरते?"

मिहीरने हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. अंबूमाई भात कुस्करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या जुन्या धर्मशाळेत माई एकोणीस कुत्री सांभाळत. कुणाचा पाय तोडलेला, कुणाच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलेलं. शहरातून माझ्यासारखी तरुण मुलं सेवेला येत. त्यांच्यात मिहीर सर्वांत हुशार. तसं त्याला स्वतःलाही वाटे आणि तो ते लपवत नसे. दोन वर्षांत त्याने शंभरावर कुत्री सोडवली होती. माईंकडे शिकायला आलोय, असं तो म्हणे. मला विचाराल तर तो शाबासकी घ्यायला आला होता.

मैना ही त्याने आणलेली शेवटची कुत्री.

कुणीतरी तिला पिल्लू असताना अंगणात बांधली आणि नंतर कधी सोडलीच नाही. मान वाढली, साखळी तेवढीच राहिली आणि मांसात रुतली. तिला पळता येत नाही हे कळल्यावर गल्लीतली पोरं येताजाता दगड मारू लागली.

तिला सोडवून आणल्याचा आज पाचवा दिवस. ओसरीच्या कोपऱ्यात सलाईनवर ती कशीबशी तगली होती. आज तोंडाने घास घेतला नाही तर आशा सोडा, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.

"असली माणसं जन्माला येतातच कशी?" मिहीर म्हणाला. "बांधलेल्या जिवाला दगड मारतात! मी तिथे असतो ना, तर एकेकाला..."

"पाठ कर," माई म्हणाल्या.

"अं?"

"तिच्याकडं पाठ करून बस. हात मागं ठेव, हातावर भात घे. आणि बोलू नकोस."

"किती वेळ?"

माईंनी त्याच्या हातावर भात ठेवला.

मिहीर बसला. पायांना मुंग्या आल्या, हात भरून आला. एरवी घटकाभर गप्प न राहणारा हा मुलगा दुपार टळेपर्यंत हूं की चूं न करता बसला. खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुक वाटलं.

मग कोपऱ्यात काहीतरी हललं...

तळहाताला ओलं नाक लागलं. मग जीभ. एक शीत, दोन शितं, मग एक अख्खा घास.

मिहीरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सगळी ऐट कुठल्या कुठे गेली. तो हळूच उठला, समोर बसलेल्या माईंकडे गेला आणि चांगल्या घरातलं कुठलंही मूल करील तेच त्याने केलं. पाया पडायला खाली वाकला.

मैना किंचाळली.

कुत्र्याच्या गळ्यातून असा आवाज निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ती भिंतीवर आदळली, पुन्हा उठली, पुन्हा आदळली. मानेचे टाके उसवले. खाल्लेला घास उलटून रक्तात पडला.

आणि अंगणातली बाकीची अठरा कुत्री एका क्षणात दिसेनाशी झाली. कुणी पिंपामागे, कुणी बाजेखाली. भुंकलं मात्र एकही नाही.

मिहीर वाकला होता तसाच राहिला.

"मी... मी काय केलं?"

"वाकलास."

"तुमच्या पाया पडत होतो, माई!"

"वाकलेला माणूस खालून काय उचलतो, एवढंच त्यांना ठाऊक आहे."

"पण माझ्या हातात दगड नव्हता!"

माईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"कधीच नव्हता?"

...

मिहीरचा चेहरा पांढराफटक पडला. तो मटकन खाली बसला आणि भाताची शितं चिकटलेल्या आपल्याच हाताकडे बघत राहिला. मलाही माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

माई बसल्याबसल्याच सरकत मैनेपाशी गेल्या. त्यांनी तिच्या मानेवर फडकं दाबून धरलं.

"शाळेच्या वाटेवर..." मिहीर बोलू लागला. "कचराकुंडीपाशी एक होतं. लंगडायचं. सगळेच मारायचे, माई. मी एकटा नव्हतो. पण माझा नेम..."



...

"मी आठ वर्षांचा होतो हो, माई."

माईंनी मोकळ्या हाताने भाताची ताटली त्याच्याकडे सरकवली.

"आणि ते कुत्रं केवढं होतं?"