सुलट नावाची पट्टी

करवतीला नुकतंच इंजिन लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. बाबल गवस या लाकूडतोड्याच्या पडवीत खिळ्यावर एक जाडजूड पोलादी पट्टी टांगलेली असे. करवतीची दातेरी साखळी तिच्याच कडांवरून धावायची. अंगावर लाल अक्षरांत नाव होतं, ‘वाघीण’, आणि त्याचा तिला भारी तोरा.

दोन्ही कडा सारख्या झिजाव्यात म्हणून बाबल मधूनमधून पट्टी उलटी बसवू पाही. पण नाव उलटं दिसेल म्हणून वाघीण अशी अडून बसे, की साखळीच निसटे. शेवटी बाबलने नाद सोडला.

एकदा शेजारच्या खिळ्यावर ‘चिमणी’ नावाची हलकी पट्टी आली. तेव्हापासून वाघिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. “फणसाच्या पहिल्याच फांदीत वाकशील,” ती म्हणाली.

बाबल चिमणीला घेऊन झाडावर चढला, की वाघीण दिवसभर कानोसा घेत राही. चिमणी रोज न वाकता परत येई. एके संध्याकाळी मात्र ती करवतीत उलटी बसवलेली दिसली.

वाघिणीला हसू आवरेना. “आता तुझं नाव कोण वाचणार?”

“फांदी थोडीच वाचते, ताई? दुसरी कड ताजी होती, ती कामाला आली.”

वाघिणीचं हसू विरलं. सकाळी ती घाईघाईने बाबलला म्हणाली, “मलाही उलटी बसव.”

बाबलने तिच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. “एकाच बाजूने झिजलीस गं. आता उलटी केली तरी या झिजल्या कडेवर साखळी डगमगेल, तिरकीच कापशील.”

त्याने तिला परत खिळ्यावर टांगलं, नाव सुलट दिसेल असं.