म्हाळूचा डफ आणि थंड चुली

ऐकायचं तर नीट ऐका, आणि मी सांगते म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. मीसुद्धा ठेवला नव्हता. निंबखडीला गाडीवाट पडायच्या कितीतरी आधी, फार वर्षांपूर्वी, तिथं म्हाळू नावाचा डफ करणारा राहायला आला. कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. आता मला सांगा, एवढा हातगुणाचा माणूस आपलं गाव सोडून येतोच कशाला? काहीतरी भानगड असणारच, असं गाव म्हणायचं. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात.

त्यात त्याची रीत विचित्र. पहिल्यांदा डफ घ्यायला आलेल्याला तो मागेल तो डफ कधीच द्यायचा नाही. आधी त्याचं मनगट दाबून बघायचा. मग त्याला मांडीवर ठेका धरायला लावायचा. मग चार-पाच डफ पुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "डाव्या हातात धर, अन् मी बास म्हणेस्तोवर खाली घेऊ नको." ज्या डफानं हात थरथरला तो बाजूला. उरलेले उन्हाकडं धरायचे, कातडं कुठं जाड कुठं पातळ आहे का बघायचं. मधोमध वाजवायचं, कडेला वाजवायचं, कान देऊन ऐकायचं. एका डफाला अख्खा दिवस! लोक म्हणायचे, हा मनगटातून माणसाचं बळ काढतो आणि डफात भरतो, म्हणून तर त्याचे डफ दोन कोसांवर ऐकू जातात. असं म्हणतात. मी नव्हते बघायला.

त्याच गावात हैबतीचं घर होतं. खडकजाई देवीच्या जत्रेत डफावर पहिला ठोका टाकायचा, हा त्या घराचा मान. जत्रेच्या आदल्या सांजेला गावातली चूल न् चूल विझवायची, दिवासुद्धा ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत देवळापुढं ठोका पडला की मगच गावात विस्तव करायचा. त्या घराकडून ठोका पडला नाही, तर मान भाऊबंदांत जायचा.

हैबती श्रावणात तापानं गेला. त्याचा डफही त्याच्याबरोबर चितेवर गेला. मूलबाळ नाही, मागं राहिली एकटी बायको, ठकूबाई. मान गेला तर तिला गावात कुत्रंही विचारणार नव्हतं. आणि हैबतीचा चुलतभाऊ गणोजी तर टपूनच बसला होता. पौषातली जत्रा चार महिन्यांवर होती. ठकूबाईनं जन्मात कधी डफाला हात लावला नव्हता. ती पदर खोचून म्हाळूकडं गेली.

"आमच्या घरात होता तेवढाच थोरला द्या," ती म्हणाली.

म्हाळूनं तिचं मनगट बघितलं, मांडीवर ठेका धरायला लावला, सगळं यथासांग केलं. थोरला डफ धरल्यावर तिचा हात लटपटला. मग त्यानं कोपऱ्यातला एक लहानसा, बिनरंगाचा डफ काढून दिला.

"हा?" ठकूबाईचं तोंड उतरलं.

"ह्योच. थोरल्याचं कातडं थोरलं, त्याला हलवायला जोर लागतो. ह्याचं लहान अन् ताठ. बोट लागलं की थरारतं. कातडं थरारलं की वारा थरारतो, त्यो वारा कानात शिरतो. आत दुसरं काय बी न्हाई, बाई. शिकणाऱ्याला लगेच जाब देणारा डफ पायजे. अन् ह्याला भिंतीला मोकळ्या हवेत टांग. ओल लागली तर मुका हुईल."

ठकूबाई डफ घेऊन बाहेर पडली, तर समोरून गणोजी आला आणि म्हाळूच्या खोपीत शिरला. ती आडोशाला थांबली. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. काय, ते ऐकू आलं नाही. मग गणोजी बाहेर आला, त्याच्या हातात लाल गोंड्याचा थोरला डफ! झालं, तिच्या डोक्यात किडा शिरला. मला खेळणं दिलं आणि खरा डफ त्याला दिला. आणि भिंतीला टांग म्हणाला तो कशापायी? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडावा, कुणीतरी त्याचं कातडं फाडावं, म्हणूनच ना?

बाई हुशार हो! ठेका ती घरातल्या काठवटीवर घोटायची आणि दडवून ठेवलेला डफ अधूनमधून काढायची. जत्रेला पंधरा दिवस उरले, तसा तिनं तो जोंधळ्याच्या पेवात उतरवला आणि वरून माती लिंपून टाकली. जमिनीच्या पोटातलं ते धान्याचं कोठार, तिथं कोण चोर जातोय? पण पेवात ऊब असते, तशी ओलही असते. जन्म पेवावर काढलेल्या बाईला हे सुचू नये? संशय आला की असंच होतं.

जत्रेची पहाट उजाडली. दाट धुकं, सगळ्या चुली थंड, पोरं कुडकुडतायत. ठकूबाईनं पेवातला डफ आणला, देवळापुढं उभी राहिली आणि ठोका टाकला. भद्! ओल्या पोत्यावर थापटी मारावी तसा आवाज. पुन्हा मारला, पुन्हा भद्. डफ शेकला की ताठ होतो, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण ठोका पडल्याशिवाय विस्तव करायचा नाही आणि विस्तवाशिवाय ठोका पडणार नाही. गणोजीनं घोंगडीतून आपला डफ काढला.

तेवढ्यात गर्दीतून म्हाळू आला. आठ दिवस तापानं फणफणत होता, पोतं पांघरून, भिंती धरत धरत आला. त्याला बघून ठकूबाई कडाडली, "मेल्या, मुकं डफडं गळ्यात मारलंस माझ्या! भावजींच्या सांगण्यावरनंच ना?"

त्यानं कातड्यावरून बोट फिरवलं. "पेवात ठेवलावता न्हवं?" एवढंच विचारलं. तिनं डफ त्याच्या हातात दिला.

मग तो दगडावर बसला. पोतं टाकलं, पैरण काढली, कातडं उघड्या छातीला लावून डफ दोन्ही हातांनी कवटाळला. असं म्हणतात, की त्याच्या अंगातून वाफा निघाल्या आणि भोवतालचं धुकं दोन हात मागं सरलं. आठ दिवसांचा ताप त्या कातड्यात उतरत होता. मधूनच तो नखानं टिचकी मारायचा. भद्. मग जरा बरी. पूर्वेला तांबडं फुटलं. मग टिचकी वाजली, ठण्!

"धर," तो म्हणाला, "लहान हाय, हात भरून यायचा न्हाई."

ठकूबाईनं ठोका टाकला. पाच गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. निंबखडीच्या चुली आपोआप पेटल्या, असंही म्हणतात. ते मला पटत नाही. चुली आपोआप पेटत असत्या तर बायकांना आणखी काय हवं होतं?

लोक नाचायला लागले. वळून बघतात तर म्हाळू तसाच दगडावर बसलेला, अंग गार.

तेव्हा गणोजीच ओक्साबोक्शी रडायला लागला. म्हणाला, "मी त्याच्या खोपीत गेलो ते वहिनीला दिलेला डफ बदलून फुटका दे म्हणायला. मला म्हणाला, मान कुणाचा ते मला ठावं न्हाई, म्या हात बघून डफ देतो." ठकूबाईनं ते ऐकलं. म्हाळूचे पाय धरून म्हणाली, "बाबा, एकदा तरी उलटून बोलायचं होतंस रे!" ती मरेपर्यंत दरसाल ठोका टाकायची, पण त्या दिवशी तोंडून गेलेला शब्द काही माघारी आला नाही, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

म्हणून निंबखडीला अजूनही एक रीत पाळतात. जत्रेच्या पहाटे थंड चुली सोडून सगळं गाव देवळापुढं जमतं आणि डफ हातोहात फिरतो. ज्याच्या हाती येईल त्यानं तो छातीला लावायचा, आणि वर्षभरात ज्याच्यावर उगीच संशय घेतला त्याचं नाव, त्या माणसाच्या देखत, मोठ्यानं घ्यायचं. सगळ्यांचं झालं की मग ठोका. मला आधी वाटायचं, लोक खोटीनाटी नावं घेत असतील. गेल्या साली डफ माझ्याकडं आला आणि मी सुनेचं नाव घेतलं. ती समोरच उभी होती. तिनं डफ माझ्या हातातून घेतला, छातीला लावला आणि माझं नाव घेतलं.