पंख्याचे भिरभिरे

जपानमधल्या होशिदानी गावाच्या कुंभारआळीत दुकानाच्या फळीवर चिनीमातीची दरबारी बाई बसलेली दिसते. अंगावर हजार वर्षांपूर्वीचा पायघोळ झगा, पाठीवर लांबसडक केस आणि हातात मोबाईल. शेजारच्या योद्ध्याच्या कानात इयरफोन. पाहुणे हसतात. भट्ट्या दाखवणारे म्हातारे मोरितासान त्यांना पोटभर हसू देतात, मग सांगतात की ही थट्टा नव्हे.

फार पूर्वी म्हणे या गावात देवीची साथ आली. आजाऱ्याच्या उशाशी बाहुली ठेवली की दुखणे तिच्यात शिरते, तिला तडा जातो आणि माणूस उठून बसतो, अशी श्रद्धा होती. मात्र बाहुली रंगवायची ती वाडवडिलांच्या नमुन्याबरहुकूम. हातात गोल पंखा, पंख्यावर फुले. नमुना मोडणाऱ्याला भट्टी कायमची बंद. त्या साली घरोघर बाहुल्या गेल्या, पण तडा एकीलाही गेला नाही आणि पोरे दगावत राहिली.

ओसेन ही तिथली विधवा रंगारीण. तिची सहा वर्षांची किकू तापाने फणफणली, तेव्हा तिनेही बाहुली उशाशी ठेवली. पोरीने डोळे किलकिले करून विचारले, "आई, ही कोण?"

ओसेनच्या मनात आले: पोर जिला ओळखत नाही, तिला दुखणे तरी कसे ओळखणार?

ती तडक भट्टीवर गेली. कोऱ्या बाहुलीच्या पंख्यावर तिने फुलांऐवजी लाल पाती काढली आणि पंख्याचे भिरभिरे केले. त्याच साली जत्रेत नवे आलेले तसले भिरभिरे किकूने ताप चढेपर्यंत हातातून सोडले नव्हते. मग ती बाहुली तिने सगळ्यांत मागे लपवून भट्टीत लावली.

रंग भाजून झाले, पण भट्टी निवायला पुरता दिवस लागतो. घाई केली की आतला सगळा माल तडकतो, आणि आत अकरा घरच्या बाहुल्या होत्या. दुपारी शेजारीण धावत आली.

"ओसेन, पोरगी मला ओळखेना गं. चल लवकर."

ओसेनने भट्टीच्या भिंतीला तळवा लावला. भिंत अजून पोळत होती. तिने दाराची वीट काढली नाही, आणि बाहुली घेतल्याशिवाय ती घरीही गेली नाही. त्या दुपारइतकी लांब दुपार तिने पुन्हा पाहिली नाही, असे सांगतात.

उन्हे कलताना भट्टी उघडली. मालक गेनबेइंनी ती बाहुली उचलली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पंखा कुठाय?"

"ती माझ्या किकूची आहे, मालक. मला भट्टी कायमची बंद करा, हरकत नाही. पण आज ती फोडू नका."

गेनबेइंनी बाहुली तिच्या हातात दिली. दिवेलागणीला किकूच्या उशाशी बारीक आवाज झाला. भिरभिऱ्यावर आडवा तडा गेला होता आणि पोरीच्या कपाळावर घाम आला होता.

सकाळी गेनबेइ दारात उभे होते. दोन्ही हातांत कोरी बाहुली होती.

"ओसेनसान," ते म्हणाले, "माझ्या नातवाला लाकडी घोडा आवडतो."

आजही होशिदानीत बाहुली रंगवण्याआधी विचारतात, घरात आजारी कोण आणि त्याच्या हातात सध्या काय असते. मोरितासानांची बायको वर्षभर अंथरुणावर आहे. त्यांच्या घरातल्या बाहुलीच्या हातात टीव्हीचा रिमोट आहे. रोज सकाळी ते ती बाहुली खिडकीशी धरून, फिरवून फिरवून बघतात. अजून तडा गेलेला नाही.